उन्हाळ्यातलं कोल्हापूर टिपताना: माळ, गुऱ्हाळ, वणवा

कोल्हापुरात नवा कॅमेरा घेतलेला माणूस पावसाळ्याची वाट बघत बसतो. गगनबावड्याचं धुकं, राऊतवाडीचा धबधबा, मसाई पठारावरची फुलं. फेब्रुवारी ते मे हे चार महिने मात्र बहुतेक कॅमेरे कपाटात पडून असतात. फोटोग्राफी शिकायची असेल तर नेमके हेच चार महिने वापरा, असं मी कुणाही नवख्याला सांगतो. चहूकडं हिरवं असलं की कसाही काढलेला फोटो बरा दिसतो आणि चुका कळत नाहीत. माळ वाळला की रंग उरतात दोन-तीन. मग ऊन कुठून येतंय, सावली कुठं पडतेय, टेकडीची कड कशी उतरतेय, याकडं बघावंच लागतं.

याच दिवसांत आपले डोंगर जळतात. पन्हाळा आणि जोतिबाच्या उतारांवर, भुदरगड, आजरा, गगनबावड्याकडं रात्री आगीची लाल रेघ दिसते आणि हात खिशातल्या मोबाईलकडं जातो. तो फोटो जरूर काढावा, पण त्याआधी काही गोष्टी शिकाव्या लागतात. म्हणून इथं क्रम असा ठेवलाय: आधी माळ, मग गुऱ्हाळावर आगीचा सराव, मग वणवा, आणि त्यानंतर जत्रा, देवळं, वळीव. पहिले दोन टप्पे गाळून थेट वणव्याकडं जाऊ नका.

सामान

असेल तो कॅमेरा चालेल, मोबाईलही चालेल. त्यात हाताने एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, कमी-जास्त करता आलं पाहिजे, एवढीच अट. मोबाईलवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं आणि शेजारची सूर्याची खूण खाली ओढली की फोटो गडद होतो. एवढं येत असेल तर सुरुवात करा. कॅमेरा असेल तर रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. एक बऱ्यापैकी जड ट्रायपॉड, हवा मारायचा रबरी ब्लोअर, लेन्सवर साधा संरक्षक फिल्टर, सुती पंचा, दोन लिटर पाणी आणि डोक्याला टोपी. उन्हात उभ्या गाडीत कॅमेरा किंवा बॅटऱ्या ठेवू नका. मोबाईल तापला की कॅमेऱ्याचं ॲप आपोआप बंद पडतं, म्हणून तो सावलीत किंवा पंच्यात गुंडाळून ठेवा.

पहिला टप्पा: वाळलेला माळ

पन्हाळ्याच्या पुढं पश्चिमेला मसाई पठार आहे. जांभ्या दगडाचं सपाट, लांबच लांब पठार. मार्चपर्यंत गवत पिवळं पडतं आणि मधूनमधून उघडा जांभा तांबूस-काळा दिसतो. सुरुवातीला यापेक्षा चांगली जागा नाही. तेवढं लांब जमत नसेल तर हातकणंगल्याजवळच्या रामलिंगच्या किंवा कुंभोजच्या बाहुबलीच्या डोंगराकडं जा. तिकडचे डोंगर उन्हाळ्यात पार उघडे पडतात आणि खाली उसाची हिरवी शेतं. कोरडं आणि ओलं एकाच चौकटीत सापडतं, ते पश्चिमेला मिळत नाही.

वेळ महत्त्वाची. आपल्याकडं फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, मेमध्ये सहाच्या. उगवल्यानंतरचा पहिला तास आणि मावळण्याआधीचा शेवटचा तास, एवढाच वेळ गवताला सोनेरी कड येते. सूर्य पाठीशी घेऊन काढलेला माळ सपाट वाटतो. सूर्य आडवा, म्हणजे डाव्या किंवा उजव्या खांद्याकडं ठेवा, की प्रत्येक दगडाला सावली फुटते. तेही जमायला लागलं की सूर्यासमोर उभे राहून गवत काढा. मात्र ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावून थेट सूर्याकडं बघू नका, डोळ्याला इजा होते.

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. वाळलेलं फिकट गवत आणि पांढरट आकाश दिसलं की तो फोटो अंधारा करतो, तिथं अर्धा ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). जळालेला काळा उतार दिसला की तो उलट फोटो उजळ करतो आणि काळ्याचं राखाडी होतं, तिथं एक ते दीड स्टॉप कमी करा. ही एक गोष्ट हाताला बसली की निम्मं काम झालं.

दुपारी अकरा ते चार झूम लेन्स पिशवीत ठेवा. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबचा डोंगर कितीही चांगल्या लेन्सने काढला तरी भुरकट येतो. दोष लेन्सचा नसतो.

पठार मोठं आणि रिकामं असल्यामुळं नवख्याचा फोटोही रिकामा येतो. म्हणून जवळचं काहीतरी चौकटीत घ्या: जांभ्याची भेग, गुरांच्या वाटेची वळणं, मेंढपाळाची काठी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर फुललेली असते, एप्रिल-मेमध्ये बहावा. वाळक्या उतारावर एकटा फुललेला पळस हा सोपा विषय वाटतो, पण मागं आकाश घेतलं की तो उठतो आणि मागं गवत घेतलं की हरवतो. दोन्ही काढून घरी शेजारी ठेवून बघा.

पन्हाळ्यावर सकाळी सज्जाकोठीकडं आणि संध्याकाळी पुसाटी बुरुजाकडं जावं. पहिली जागा पूर्वेच्या कड्यावर आहे, दुसरी पश्चिमेच्या टोकाला. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळाही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. फोटोसाठी तटावर चढून बसू नका. वाळक्या गवताखाली सुटलेला दगड दिसत नाही.

दुसरा टप्पा: गुऱ्हाळावर आगीचा सराव

आगीचा फोटो पहिल्यांदा वणव्यावर शिकायचा नसतो. तिथं मन थाऱ्यावर नसतं आणि वेळही नसतो. आपल्या जिल्ह्याचं भाग्य असं, की ऊस गाळपाच्या हंगामात करवीर, पन्हाळा, कागल कुठंही गुऱ्हाळ सापडतं आणि तिथं रोज, ठरल्या जागी, आवाक्यातली आग असते. हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाला संपत जातो, म्हणून फेब्रुवारीतच जा.

मालकाला आधी विचारा, गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराला, नमस्कार करा आणि एक आदण, म्हणजे रसाची एक खेप, पूर्ण होईपर्यंत कॅमेरा न काढता नुसतं बघा. चुलवाणात चिपाडं सारणारा गडी, काहिलीतून (रस उकळायच्या मोठ्या कढईतून) निघणारी वाफ, मळी काढणारा झारा, शेवटी पाक तयार झाला का ते बघण्यासाठी गुळव्याने पाण्यात टाकलेला थेंब. तो पाक ११८ अंशांच्या आसपास असतो, अंगावर उडाला तर कातडी घेऊन जातो. म्हणून काहिलीच्या कडेला वाकून फोटो नाही, आणि माणसं काहील उतरवत असताना त्यांच्या वाटेत उभं राहणं नाही.

आता कॅमेरा काढा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ‘ऑटो’वरून काढून ‘डेलाइट’वर, म्हणजे साधारण ५२०० ते ५५०० केल्व्हिनवर ठेवा. ऑटोवर कॅमेरा आगीचा नारिंगीपणा पुसायला बघतो आणि प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो. मग मॅन्युअल मोड, ॲपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) एफ ४, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००, शटर (उजेड आत येण्याचा वेळ) सेकंदाचा २५० वा भाग. ज्वाळेची धार, तिचे तुटलेले शेंडे स्पष्ट दिसतील. आता ट्रायपॉड लावून आयएसओ १०० करा आणि शटर ३० व्या भागावर आणा. ज्वाळा वाहत्या रेघांसारखी दिसेल आणि माणूस थोडा हलला तर पुसट होईल. हा फरक डोळ्यांत बसवा. पुढं वणव्यावर कुठला शटर वापरायचा हे इथंच ठरतं.

हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघताना एकत्रित आलेख पुरत नाही, तांबडा, हिरवा, निळा असे तीन आलेख वेगळे दाखवणारा पर्याय लावा. आगीत तांबडा आधी उजव्या भिंतीला जाऊन धडकतो आणि ज्वाळेच्या जागी पिवळा सपाट डाग उरतो. तसं झालं की शटर वेगवान करा. भोवतालचा अंधार अंधारच राहू दे. चुलवाणासमोरच्या माणसाच्या गालावर पडलेला उजेड दिसला की बास.

तिसरा टप्पा: वणवा

आपल्याकडचे वणवे जवळजवळ सगळे माणसाच्या हातून लागतात. गवत जाळलं की पुढच्या पावसाळ्यात चांगलं येतं ही समजूत, बांध पेटवताना हाताबाहेर गेलेली आग, तरव्याची (भाताची रोपं करायच्या जागेची) भाजणी, शिकार, फेकलेली विडी. जळतं ते नुसतं गवत नसतं. टिटवी, चंडोल, तित्तर जमिनीवर अंडी घालतात. सरडे, कासवं पळू शकत नाहीत. करवंदीच्या जाळ्या, उगवून वर आलेली झाडांची रोपं, मातीवरचा पालापाचोळा सगळं जातं आणि पहिल्या पावसात उघडी माती ओढ्याला मिळते. हे मनात ठेवून गेलात तर कशाचा फोटो काढायचा ते आपोआप उमगतं.

पहिलं काम: फोन. आग दिसली की आधी वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. वस्तीजवळ असेल तर १०१ किंवा ११२. डोंगराचं नाव, जवळचं गाव, आग कुठल्या दिशेला सरकतेय, एवढं सांगा. गावातल्या सरपंचांचा किंवा वनरक्षकांचा नंबर आधीच जवळ असेल तर त्याहून उत्तम, कारण आग विझवायला पहिल्यांदा गावातलीच माणसं पोचतात. हे सगळं झाल्यावर कॅमेरा.

फोटोसाठी आग लावणं, विझत आलेली पुन्हा पेटवणं, ‘चांगली दिसतेय’ म्हणून कळवायला उशीर करणं, यातलं काहीही करणाऱ्याला माझ्या लेखी फोटोग्राफर म्हणता येत नाही. राखीव वनात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हाही आहे.

कुठून काढायचा? नवख्याने लांबून, समोरच्या डोंगरावरून किंवा डांबरी रस्त्यावरून. मी हे नाइलाजाने सांगत नाही, तोच फोटो खरोखर चांगला येतो. वणव्याची ओळख त्याच्या रेषेत आहे. जवळ गेलं की नुसत्या ज्वाळा दिसतात, त्या कुठल्याही शेकोटीच्या असू शकतात. दरीपलीकडून मात्र डोंगराचा अख्खा आकार, त्यावर चढत जाणारी लाल रेघ आणि खालच्या गावाचे दिवे एकत्र दिसतात. आग किती मोठी आणि गाव किती जवळ, हे त्याच फोटोत कळतं.

सूर्यास्तानंतरची वीस-तीस मिनिटं सगळ्यांत मोलाची. आकाशात निळा उजेड शिल्लक असतो, डोंगराची कड दिसते आणि आगही उठून दिसते. ट्रायपॉड, आयएसओ २०० ते ४००, एफ ५.६, शटर दोन सेकंदांपासून सुरू करून अंधार वाढेल तसं पंधरापर्यंत. दोन सेकंदांच्या टायमरने काढा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का लागत नाही. मोबाईल असेल तर दगडावर टेकवून नाइट मोड, आणि बोटांनी झूम करू नका. पूर्ण काळोख झाल्यावर आग हवेत तरंगल्यासारखी दिसते, डोंगर हरवतो. मग थांबा.

दिवसा ज्वाळेपेक्षा धूर बोलका असतो. सूर्य धुराच्या मागं आला की तो तांबडा गोळा होतो, कारण धुराचे बारीक कण निळा उजेड पसरवून टाकतात आणि तांबडा पुढं येतो. तेव्हा सूर्याभोवतीच्या आकाशावर एक्स्पोजर घ्या आणि झाडांच्या नुसत्या काळ्या आकृत्या येऊ द्या.

जवळ जायची वेळ आलीच, समजा विझवणाऱ्या गावकऱ्यांबरोबर गेलात, तर पुढचं पाठ असू द्या.

आग चढावर पळते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहायचं नाही, खालून येताना ती कितीही संथ वाटली तरी. घळीत किंवा ओढ्याच्या अरुंद खोबणीत उतरायचं नाही, तिथं वारा धुराड्यासारखा वर ओढला जातो. उभं राहायचं ते रस्त्यावर, नांगरलेल्या रानात, जाळरेषेवर (आग अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावर) किंवा आधीच जळून थंड झालेल्या काळ्या जमिनीवर. पळायच्या दोन वाटा डोळ्यांसमोर हव्यात, एक बंद झाली तर दुसरी. डोंगरात दिवसा वारा साधारण वर चढतो आणि संध्याकाळनंतर खाली उतरतो. या बदलाच्या वेळेलाच आगीची दिशा फिरते, आणि नेमकी तीच आपली फोटोची वेळ असते.

अंगात सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायांत चामड्याचे बूट. नायलॉन-पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटतं. तोंडाला एन-९५ मास्क लावा, पण त्याने राखेचे कण अडतात, कार्बन मोनॉक्साइड नाही. डोकं जड झालं, मळमळलं की लगेच मोकळ्या हवेत. गाडी वाळक्या गवतावर कधी लावू नका, तापलेल्या सायलेन्सरने गवत पेटतं. तोंड परतीच्या वाटेकडं करून रस्त्यावर लावा आणि काचा बंद ठेवा. एकट्याने जाऊ नका, घरी ठिकाण सांगून निघा.

विझवणाऱ्या माणसांचे फोटो हे वणव्यातले खरे फोटो. हिरव्या फांद्यांनी झोडपणारे वनरक्षक, पाठीवर आग विझवायचा हवेचा ब्लोअर घेतलेला मजूर, घागर घेऊन चढणाऱ्या बायका. फ्लॅश मारू नका, अंधारात त्यांचे डोळे दिपतात. आयएसओ १६०० ते ३२००, शटर १२५ व्या भागाच्या खाली नको, आगीचाच उजेड त्यांच्या अंगावर येईल असे बाजूला उभे राहा. आणि माणसं कमी पडत असतील तर कॅमेरा गळ्यात टाकून हातात फांदी घ्या.

ड्रोनबद्दल विचारणारे बरेच असतात. वणव्यावर ड्रोन नको. गरम हवेत तो आवरत नाही आणि पडला तर त्याची बॅटरी दुसरी आग लावते. एरवी उडवायचा असेल तरी २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे डिजिटल स्काय नकाशावर जागा तपासा, उजळाईवाडी विमानतळाच्या भोवती बंधनं आहेत. राधानगरी अभयारण्यात तर वनविभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन नाहीच, आणि पायीही ठरलेल्या वाटेबाहेर जायचं नाही. गवा दुरून शांत दिसतो, धुराने बिथरलेला गवा वेगळा असतो.

आग कुठं लागलीय हे घरबसल्या बघायचं असेल तर नासाचा ‘फर्म्स’ नकाशा सगळ्यांना खुला आहे. उपग्रहाने टिपलेली आग तिथं साधारण तीन तासांत ठिपक्याच्या रूपात दिसते. एक ठिपका म्हणजे सुमारे ३७५ मीटरचा चौकोन, म्हणून तो नेमका पत्ता समजू नका. साखर कारखान्यांच्या हंगामात आपल्याकडच्या कितीतरी ठिपक्यांखाली पाचट जाळलेले उसाचे फड असतात, हेही ध्यानात ठेवा.

राख थंड झाल्यावर

हा भाग लोक सोडून देतात, आणि मला तो सगळ्यांत जवळचा वाटतो. आग गेल्यावर पूर्ण एक दिवस जाऊ द्या, कारण आतून पोखरून जळालेली झाडं वारा नसतानाही कोसळतात. मग सकाळच्या कोवळ्या उन्हात जा. काळ्या जमिनीवर पांढऱ्या राखेची रेघ म्हणजे आडवं पडून जळालेलं झाड. अंड्यांची कवचं, करपलेल्या करवंदीच्या मधे वाचलेली एखादी हिरवी फांदी. एक्स्पोजर कमी ठेवायचं हे वर सांगितलंच आहे. लेन्स बदलू नका, राख सेन्सरवर बसली तर पुसून निघत नाही. ब्लोअरने उडवा, काच कपड्याने घासू नका.

एक जागा नक्की करा. ओळखीचा दगड किंवा मैलाचा खांब, तिथून उभं राहून, त्याच लेन्सने, त्याच चौकटीत फोटो घ्या आणि जागेचे अक्षांश-रेखांश वहीत लिहा. पहिल्या वळवानंतर पुन्हा, जूनमध्ये पुन्हा, दसऱ्याला पुन्हा. या चार फोटोंतून डोंगराला काय झालं ते जेवढं कळतं, तेवढं भडकत्या ज्वाळेच्या कुठल्याही फोटोतून कळत नाही.

जत्रा, देवळं आणि वळीव

खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळात स्वर्गमंडप आहे, छताला मधोमध गोल मोकळी जागा आणि बरोबर खाली गोल शिळा. आपल्या अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यात, ६ तारखेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्या दिवशी वरून पडणारं उन्हाचं वर्तुळ सरळ शिळेवर उतरतं. आगस्टमध्येही असा दिवस येतो, पण तेव्हा ढग असतात. मंडपात अंधार आणि मधे लख्ख ऊन, म्हणून शिळेवर एक्स्पोजर घ्या आणि खांब हवे असतील तर दोन स्टॉप वर, दोन स्टॉप खाली असे जास्तीचे फोटो काढून ठेवा. अकरालाच पोचा. वर्तुळ सरकत शिळेकडं येताना बघण्यासारखं असतं.

चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा. गुलाल उन्हासमोरून काढला की पेटल्यासारखा दिसतो. कॅमेरा पिशवीत बांधून लेन्सपुरतं भोक ठेवा आणि सासनकाठ्यांच्या (देवाच्या उंच काठ्यांच्या) दोरखंडांपासून लांब उभे राहा, काठी कलली की गर्दी एकदम सरकते. अंबाबाईच्या गाभाऱ्यात फोटो काढायचे नसतात. बाहेर दगडी शिल्पांवर सकाळचं तिरकं ऊन येतं, तेवढ्यावर समाधान मानावं. रंकाळ्याच्या संध्याकाळबद्दल वेगळं काय सांगणार, तिथं सगळेच जातात आणि जावंच.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग कोबीच्या गड्ड्यासारखे वर चढायला लागले की वळीव येणार. विजेचे फोटो घराच्या खिडकीतून किंवा आडोशातूनच: ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८, दहा ते पंधरा सेकंद, एकामागून एक. मसाईसारख्या उघड्या पठारावर असाल तर गडगडाट ऐकू येताच ट्रायपॉड मिटून खाली उतरा किंवा गाडीत बसा. तिथं सगळ्यांत उंच तुम्हीच असता.

फोटो घरी आल्यावर

आगीचा रंग वाढवायचा मोह होतो. व्हाइट बॅलन्स जिथं ठेवला होता तिथंच राहू द्या, धुराचा करडेपणा जाऊ देऊ नका, दोन दिवसांच्या ज्वाळा एका फोटोत जोडू नका. प्रत्येक वणव्याच्या फोटोखाली डोंगराचं नाव, गाव, तारीख आणि वेळ लिहा. मागच्या वर्षीचा फोटो आजचा म्हणून फिरला की गावात घबराट होते आणि खरी आग लागते तेव्हा कुणी विश्वास ठेवत नाही. दुर्मीळ पक्ष्याचं घरटं किंवा प्राण्याची ढोली दिसली असेल तर तिचा नेमका ठिकाणा मात्र गाळा. फाइलमधली लोकेशनची नोंदही काढून टाका.

तारीख-वेळ आणि अक्षांश-रेखांश असलेल्या मूळ फाइल्सची एक प्रत जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात नेऊन द्या. जळालेल्या क्षेत्राचा पंचनामा करताना आणि पुढच्या वर्षी जाळरेषा कुठं काढायची हे ठरवताना असे फोटो त्यांना उपयोगी पडतात. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात, तेव्हा ही भेट जानेवारीत झालेली बरी. जाताना आपल्या भागातल्या वनरक्षकांचा नंबर मागून घ्या.